पाच जाकिटं

धर्माला बोट लागायची. कोळ्याच्या पोटी जन्म घ्यायचा आणि होडी खाडीच्या तोंडाशी पोचायच्या आत आतडी बाहेर येईपर्यंत ओकायचं, ही देवाने केलेली थट्टाच म्हणायची. बापाने चार वर्षं वाट पाहिली. लिंबू चोखायला दिलं, आल्याचा तुकडा दाढेखाली धरायला लावला, एकवीरेला नवस बोलून झाला. शेवटी एक दिवस बंदरावर सगळ्यांदेखत तो म्हणाला, "ह्याला म्हसळ्याला धाडा. तिथं समुद्र न्हाय." आणि धर्मा खरोखरच म्हसळ्याला एसटी स्टँडजवळच्या पंक्चरच्या दुकानात चिकटला. वीस वर्षं त्याने टबातल्या पाण्यात ट्यूबा दाबून बुडबुडे पाहिले. धर्माचा समुद्र टबात मावतो, असं कोळीवाड्यात म्हणायचे, आणि ते ऐकून सगळ्यांत आधी हसायचा तो धर्माच.

चक्रीवादळ आलं त्या साली दुकान टाळेबंदीत बंद होतं, म्हणून तो घरी होता. दिवेआगरच्या वाड्यांतल्या माड-पोफळी आडव्या झाल्या आणि कोळीवाड्याच्या बंदरात नांगरलेल्या अकरा होड्या तळाला गेल्या. त्या वर काढायला बाहेरगावचे पाणबुडे आले. त्यांतल्या एकाचं जाकीट बुडालेल्या होडीच्या खिळ्याला अडकून फाटलं आणि कुणीतरी चेष्टेने त्याला धर्माकडे पाठवलं. धर्माने दिवसभर बसून असं ठिगळ लावलं की तो पाणबुडा ते बोटाने चाचपत राहिला. जाताना त्याने धर्माला जाकिटाची सगळी अंगं उलगडून दाखवली.

पाणबुड्याचं जाकीट म्हणजे दिसायला बिनबाह्यांचा जाडजूड कोट. आत रबराची पिशवी असते. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा नळीने त्या पिशवीत येते. डाव्या खांद्यावरून लोंबणाऱ्या नळीच्या टोकाला दोन बटणं असतात, एक हवा भरायचं, एक सोडायचं. भरली की माणूस वर, सोडली की खाली. पाण्याखाली जाणाऱ्याची सगळी मदार त्या दोन बटणांवर असते, आणि ज्या धर्माला उभ्या जन्मात गुडघ्यापलीकडच्या पाण्यात जायला जमलं नाही, त्याच्या हाती ती बटणं आली.

पुढे गावातल्याच पाच तरुणांनी ते काम उचललं. होड्यांच्या पंख्यात गुंतलेली जाळी कापायची, हरवलेले नांगर काढायचे, जेटीचे खांब तपासायचे. त्यांचा म्होरक्या गणराज. नवी जाकिटं घेण्याची ऐपत कुणाची? मुंबईहून, जुनी जहाजं मोडतात त्या दारूखान्याच्या भंगारातून जुनी जाकिटं पोत्यात भरून यायची, कुणाकुणाच्या घामाचा आणि कुठल्या कुठल्या समुद्रांचा वास घेऊन, आणि पोतं सरळ धर्माच्या अंगणात रिकामं व्हायचं. त्यांतली निम्मी तो बघताक्षणी बाद करायचा. उरलेल्यांची आतली पिशवी गोड्या पाण्याने सात वेळा खळबळायचा, कारण आत सुकलेलं मीठ काचेसारखं रबर कापतं. मग हवा भरून जाकीट मासळीच्या बर्फाच्या जुन्या पेटीत पाण्याखाली दाबायचा आणि शंभर आकडे मोजायचा. शंभरात एक बुडबुडा आला तरी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी दोन्ही बटणं एकवीस एकवीस वेळा दाबून बघायचा, आतल्या बाजूला शाईने तारीख घालायचा आणि ज्याचं जाकीट त्याच्या अंगावर स्वतःच्या हाताने चढवून म्हणायचा, "दमानं वर ये हां." पोरं हसायची. समुद्रात पाय न घालणारा माणूस समुद्रातून वर कसं यायचं ते शिकवतोय, ह्याची त्यांना गंमत वाटायची.

त्या पाचांत विनेश त्याचा लाडका. रंगूआईचा एकुलता एक. रंगूआई म्हणजे कोळीवाड्याच्या वरच्या आळीतली, सुकी मासळी घेऊन म्हसळ्याच्या बाजाराला जाणारी, नवरा लवकर गेलेली, आवाजाने आणि मनाने मोठी बाई. तिच्या विहिरीचं पाणी अजून गोडं होतं, बाकीच्यांच्या विहिरी कधीच्या मचूळ झाल्या होत्या. म्हणून पाचही जण समुद्रातून आले की जाकिटं तिच्याकडेच धुवायचे आणि तिच्या पडवीत पाच खुंट्यांवर टांगून घरी जायचे. "माजे पाच पोर टांगलेले हायत," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

शिमग्याच्या आधीच्या शुक्रवारी एका ट्रॉलरचा तुटलेला नांगर काढायला पाचही जण गेले. पाणी सात वाव, म्हणजे चाळीसेक फूट खोल. विनेश दोर घेऊन उतरला, वर गणराज दोर धरून बसला. पुढचं गणराज नंतर कितीतरी जणांना सांगत राहिला, आणि दर वेळी तेच शब्द. दोर एकदम ढिला पडला. मग विनेश कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळला. "इतक्या लौकर वर आला म्हनून मी हसलो रे," गणराज म्हणायचा, आणि तिथे त्याचं बोलणं थांबायचं. होडीत ओढून घेतला तेव्हा विनेशच्या तोंडाला तांबडा फेस होता. बंदर दिसायच्या आत तो गेला.

बुडून मरणं कोळीवाड्याला माहीत होतं. वर येऊन मरणं कुणी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं ते अर्ध्यांना कळलं, अर्ध्यांना नाही. खोल पाण्यात छातीत घेतलेली हवा दाबलेली असते, माणूस झपाट्याने वर आला की ती फुगते आणि आतून फुप्फुस फाडते. धर्माला मात्र हे ऐकताक्षणी कळलं. गार सावलीत टम्म भरलेली ट्यूब भर उन्हात ठेवली की काय होतं ते त्याने वीस वर्षं पाहिलं होतं. त्याला हेही कळलं की माणूस आपणहून असा वर येत नाही. जाकिटाने त्याला वर आणला.

गावाने एवढा विचार केला नाही. विनेशच्या जाकिटाच्या उजव्या खांद्यावर धर्माचं वीतभर ठिगळ होतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. शिमग्याची होळी लागली ती नाचाशिवाय, गाण्याशिवाय. धर्माची बायको नलू मासळीच्या लिलावाला गेली की तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका टोपल्या उचलून पलीकडे सरकायच्या. एका सकाळी, धर्मा जिथे जाकिटं दुरुस्त करायचा त्या शेडच्या कडीला कुणीतरी सायकलची फाटकी ट्यूब गाठ मारून टांगून ठेवली होती. धर्माने ती सोडली, घडी केली आणि कपाटात ठेवली. फेकायचा त्याला धीर झाला नाही. त्याला जेवण जात नव्हतं, झोप येत नव्हती, आणि रडायला बसलं तर रडूही येत नव्हतं. आपण एका आईचं पोर मारलं की नाही मारलं, एवढं एकच त्याला कळायला हवं होतं, आणि ज्याच्यावरून कळणार ते जाकीट पंचनाम्यासाठी पोलिसांकडे होतं.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, गणराज ते जाकीट पोत्यात घालून घेऊन आला. पोतं त्याने अंगणात ठेवलं. आत आला नाही.

"पोलिसांचा काम झाला. रंगूआई बोलली, धर्माला दे, तोच बघून सांगंल," तो म्हणाला. "मी बोललो, चोरालाच कशाला चावी देतेस? पन ती ऐकंना."

"बघतो."

"रविवारी आमाला उतरायचा हाय. जेटीचा काम घेतलेला हाय, सोडता येत न्हाय. आमची चार जाकिटापन तुजीच हायत धर्मादा. शनिवारी सांग, घालू का नको घालू."

एवढं बोलून तो वळला. धर्मादा म्हणायचं मात्र तो विसरला नव्हता, आणि त्या एका शब्दाने धर्माच्या डोळ्यांत इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाणी आलं.

त्याने जाकीट बाहेर काढलं. छातीवरचे पट्टे घाईत कापलेले होते. त्याने ते हलवून पाहिलं, आत पाणी नव्हतं. गोड्या पाण्याने धुतलं, तोंडाने हवा भरली, पेटीत दाबलं आणि मोजायला लागला. शंभर झाले. दोनशे झाले. ठिगळावर रिठ्याचा फेस लावून पुन्हा मोजलं. ठिगळ जसंच्या तसं होतं, एक बुडबुडा नाही. नलू दारात उभी होती, तिने हात जोडले. पण धर्माला ठाऊक होतं की आपण वेळ काढतोय. ठिगळ गळलं असतं तर विनेश खाली गेला असता. वर नेतं ते बटण. तासभर तो खांदा, पाठ, शिवण, झडप असं सगळं तपासत राहिला आणि त्या डाव्या नळीला काही हात लावेना. फाशीची दोरी आपणच तपासायची झाली तर माणूस आधी खांब तपासून घेईल, तसलं ते चाललं होतं.

शेवटी नलूच म्हणाली, "आता ते बघ."

त्याने छोटा सिलिंडर जोडला आणि भरायचं बटण दाबलं. हवा आत गेली. बोट काढलं. बटण वर आलं नाही. हवा जातच राहिली, जाकीट फुगत फुगत कडक झालं, वरची झडप फुसफुसायला लागली, तरी बटण आत रुतलेलंच. धर्माने नळी सिलिंडरवरून काढली तेव्हा कुठे ते थांबलं. सात वाव पाण्यात, गढूळ अंधारात, दोन्ही हात दोराच्या गाठीत असताना त्या पोराला हे समजायला किती वेळ लागला असेल, हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि मग जाईचना.

त्याने बटण खोललं. आतली बारकी काळी रिंग फुगून आपल्या खाचेत तट्ट बसली होती. तिच्याभोवती पिवळट चिकटा होता, त्यात रेतीचे कण. धर्माने तो बोटावर घेतला आणि वास घेतला. खोबरेल. आणि खोबरेलात मेथी, कापूर.

तो वास त्याला ओळखायची गरजच नव्हती. कोळीवाड्यातल्या निम्म्या डोक्यांना तो वास येई, नलूच्याही. रंगूआई घरच्या खोबऱ्याचं तेल स्वतः उकडून काढायची, त्यात मेथी आणि कापूर घालायची आणि आळीत सगळ्यांना बाटल्या वाटायची.

"तेल," तो नलूला म्हणाला. "बटनाला कुनीतरी तेल घातलंय. मी न्हाय घातलं. मी पांढरं ग्रीस लावतो, तेल कदी लावत न्हाय. नलू, मी न्हाय मारला त्याला!"

हे तो जवळजवळ ओरडला. नलूने तोंडाला पदर लावला आणि ती हमसाहमशी रडायला लागली. इतके दिवस जी छाती दगडाखाली होती ती मोकळी झाली, धर्माला खरंच श्वास आला. त्याला वाटलं आत्ताच्या आत्ता बंदरावर जावं, ही रिंग हातावर ठेवून सगळ्यांना दाखवावी. त्याने चपलासुद्धा पायात घातल्या. मग तो वास पुन्हा आला आणि कुणाचं तेल आहे हे त्याच्या ध्यानात आलं, म्हणजे मघाशीच आलं होतं, पण आता पोचलं. तो चपला घालून तसाच खाली बसला.

रिंग अजून त्याच्या चिमटीत होती. ती त्याचीच होती. भंगारातल्या जाकिटांच्या मूळच्या रिंगा झिजलेल्या असत आणि तसल्या इथे कुठे मिळत नसत, म्हणून तो म्हसळ्याच्या गॅरेजमधून स्कूटरच्या ब्रेकमधल्या, मापात बसणाऱ्या रिंगा आणायचा. मापाला चोख बसायच्या. हवेला, पाण्याला, मिठाला टिकायच्या. तेलाला टिकतात का, हे बघायचं त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्याने डबीतून एक कोरी रिंग काढली, नलूच्या बाटलीतलं तेल वाटीत ओतलं आणि रिंग त्यात टाकून वाटी फळीवर ठेवली.

शुक्रवारी सकाळी त्याने ती बाहेर काढली. कालपर्यंत ज्या खाचेत ती सहज फिरत होती तिच्यात ती आता दाबूनही जाईना. मूळची एक झिजकी रिंगही त्याने सोबत टाकली होती, ती होती तशीच निघाली. धर्मा दोन्ही रिंगा तळहातावर घेऊन बसला. त्याची रिंग नसती तर तेलाने काही झालं नसतं. तेल नसतं तर त्याच्या रिंगेने काही झालं नसतं. अर्धा गुन्हा त्याचा होता, आणि दुसरा अर्धा सांगायचा तर कुणाला सांगायचा?

तो तिथे बसलेला असतानाच रंगूआई आली. तेरा दिवसांत बाई अर्धी झाली होती, तो ठसठशीत आवाज कुठे गेला कोण जाणे. नलूने पाट दिला, तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. तिने पाण्याला हात लावला नाही.

"बघितलास?"

"बघितला, आई."

"मना आधी माजा सांगू दे, मग तू सांग," ती म्हणाली. "मी काय कसूर केली न्हाय, धर्मा. येकनयेक दिवस पोरांकडून जाकिटा धुवून घेतली, सावलीत टांगली. तू सांगलेला तसाच. दर शनवारी मारुतीला तेल घालते मी, तुला ठावं हाय. लोका गोडा तेल घालतात, मी माजा घरचा घालते. त्यातला वाईच ठेवते आनि परत येऊन पाचीच्या पाची जाकिटांच्या बटनांना लावते. मारुतीचा तेल. म्हनलं बटना हलकी ऱ्हातील, आनि त्याची नजर ऱ्हाईल पोरांवर." तिने पदराने तोंड पुसलं. "मंग त्याची नजर कशी चुकली रे? माजा काय ऱ्हायला का?"

पाचीच्या पाची. त्या पडवीत अजून चार जाकिटं टांगलेली होती आणि रविवारी ती पाण्याखाली जाणार होती.

नलू त्याच्याकडे बघत होती. तिने आठ दिवस लिलावात एकटीने उभं राहून काढले होते, तिला सगळं कळलं होतं, आणि तिच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं की सांगून टाक. धर्मालाही सांगायचं होतं. खोटं कशाला बोला, ओठांवर आलं होतं. एका वाक्यात तो सुटणार होता, त्याची शेड, त्याचं नाव, बंदरावरून मान वर करून चालणं, सगळं परत मिळणार होतं. त्याने समोर बघितलं. तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते, शनिवारी तेल लावणारे हात.

"तुजा काय ऱ्हायला न्हाय, आई," तो म्हणाला. "माजा रबर खोटा होता. ब्रेकचा रबर घातला मी. तो फुगला आनि बटन अडकला. चूक माजी हाय."

ह्यात खोटं काही नव्हतं. फक्त अर्धं होतं.

रंगूआईने त्याला शिवी दिली असती, समोरचा तांब्या फेकून मारला असता, तर बरं झालं असतं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "तू त्याला अंगावर घालून द्यायचास. दमानं ये म्हनायचास." आणि गेली.

"आता गाव तुला जगू देनार न्हाय," नलू म्हणाली. "मनापन न्हाय. समजतंय का?"

"समजतंय."

"आनि ती चार जाकिटा?"

त्याचं उत्तर त्याच्याकडे होतं. रोह्याच्या कारखान्यांत पंपांना तपकिरी रिंगा लागतात, त्या ॲसिडात टाका, तेलात टाका, हूं की चूं करत नाहीत. त्याने डबीतली कोरी काळी रिंग मापाला घेतली, एसटी धरली, रोहा गाठलं. पंपांच्या सामानाच्या तिसऱ्या दुकानात त्याला माप मिळालं. दिवेलागणीला तो परत आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचलेली होती. नाक्यावर उभा असलेला गणराज त्याला बघून तोंड फिरवून उभा राहिला. धर्मा मात्र स्वतःहून त्याच्याजवळ गेला.

"चारी जाकिटांतला रबर बदलतो. नवा आनलाय. उद्या दुपारपर्यंत देतो. त्याशिवाय पान्यात उतरू नका."

"शेवटचा," गणराज म्हणाला. "ह्याच्यापुढं तुजा हात नको आमच्या जाकिटांना."

धर्माने मान डोलावली. ह्यापुढे घरी कुणी कितीही तेल लावलं तरी बटण अडकणार नव्हतं, तेवढं त्याला पुरे होतं. निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं.

शनिवारी सकाळी तो रिकामं पोतं घेऊन वरच्या आळीला गेला. रस्त्यात दोन दारं त्याच्या तोंडावर लागली. रंगूआईच्या पडवीत पाच खुंट्या होत्या, चारांवर जाकिटं, एक मोकळी. घरात कुणी नव्हतं. तो वाट बघत पायरीवर बसला, कारण विचारल्याशिवाय जाकीट उतरवायचा त्याला आता काय अधिकार होता?

थोड्या वेळाने ती खालून येताना दिसली. कपाळाला शेंदूर, हातात तेलाची बाटली. सुतक फिटल्यावरचा पहिला शनिवार. ज्या देवाची नजर चुकली त्याच्या डोक्यावर ती आज पुन्हा तेल घालून आली होती. धर्माला पाहून ती थबकली, तिचं तोंड कडक झालं.

"न्यायला आलास?"

"व्हय. नवा रबर घालतो."

"गनराज बोलला." ती पायऱ्या चढून वर आली. "थांब वाईच. माजा गेला, पन ही चौघा उद्या उतरनार हायत. सुतकात दोन शनवार चुकले, बटना कोरडी पडली असतील."

तिने बाटलीचं बूच काढलं, तर्जनीवर तेल घेतलं आणि पहिल्या जाकिटाची, गणराजच्या जाकिटाची, नळी डाव्या हातात धरली.

तिला लावू द्यायला काही हरकत नव्हती. अर्ध्या तासात तो ते बटण खोलणार होता, पुसणार होता, तपकिरी रिंग बसवणार होता. चार बोटं तेलाने कुणाचं काही बिघडणार नव्हतं, आणि बिघडू नये म्हणूनच तर तो रोह्यापर्यंत जाऊन आला होता. हे सगळं त्याला माहीत होतं. पण वीस वर्षं ट्यूबा आणि सहा वर्षं जाकिटं हाताळलेल्या त्याच्या हाताला ते माहीत नव्हतं. तो हात आपोआप पुढे गेला आणि त्याने तिचं मनगट गच्च धरलं.

रंगूआईने त्याच्या हाताकडे बघितलं. मग आपल्या बोटाकडे. बोटावरचं तेल ओघळून त्याच्या मुठीपर्यंत आलं होतं.

"का रे?" तिने विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. नवं रबर घालणार आहे, आता राहू दे. एवढंच पुरलं असतं. धर्माने नुसतं मनगट सोडलं, आणि तेही फार उशिरा सोडलं.

"तेलानं?"

तो खाली शेणाने सारवलेल्या जमिनीकडे बघत राहिला.

"धर्मा. माज्या तोंडाकडं बघ."

त्याने बघितलं. आणि इतके दिवस जे रडू आलं नव्हतं ते आता त्याच्या छातीतून असं आलं की त्याला पडवीच्या खांबाला धरावं लागलं. "माजा रबरपन खोटा होता, आई," तो कसाबसा म्हणाला. "माजा रबरपन. दोनी मिळून झाला. येकट्या तेलानं न्हाय झाला." तो तेच तेच पुन्हा सांगत राहिला, पण तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती त्या मोकळ्या खुंटीकडे बघत होती.

"पाचींना लावला मी," ती म्हणाली.

मग तिने बोट पदराला पुसलं. पुन्हा पुसलं. बाटलीला बूच लावलं, ते तळव्याने दाबून घट्ट बसवलं आणि बाटली उंबऱ्याच्या आत, भिंतीकडेला ठेवली. धर्मा पोतं उचलायला वाकला, तर तिने ते त्याच्या हातातून घेतलं, एका हाताने त्याचं तोंड उघडं धरलं आणि दुसऱ्या हाताने खुंट्यांवरून एकेक जाकीट काढून आत घातलं. चारही जाकिटं तिने खांद्याच्या पट्ट्याला धरून उचलली, बटणांना बोट लागू न देता.